काही न दिलेले वाफे

तीन नंबरची पिशवी काट्यावर ठेवली आणि लाल आकडे पाच किलो चारशेवर येऊन थांबले, तेव्हा साक्षीला आधी वाटलं, काट्याखाली काहीतरी अडकलं असेल. तिनं पिशवी उतरवली, काटा उचलून पाहिला, खालची फरशी हातानं झाडली आणि पिशवी पुन्हा ठेवली. पाच किलो चारशे. मग सहा नंबरची ठेवली, पाच तीनशे. अकरा नंबरची, पाच पाचशे. बाकीच्या नऊ पिशव्या साडेपाच ते पाच नऊशेच्या मधे भरल्या होत्या, आणि त्या तेवढ्या भरायलाच हव्या होत्या. या तीन पिशव्यांनी मात्र साडेतीनच्या वर जायला नको होतं. गेल्या वर्षी त्या साडेतीनच्या होत्या, त्याच्या आदल्या वर्षी त्याहून कमी. नवीन जालन्यातल्या शेती संस्थेच्या ऑफिसमागच्या गोदामात एप्रिलची दुपार पत्र्यावरून खाली उतरत होती, बाहेर स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, आणि साक्षी उलट्या क्रेटवर बसून तीन पिशव्यांकडे पाहत होती. गहू चांगला होता. तिनं मूठभर काढून पाहिला, दाणा टपोरा होता, मागच्या वर्षीसारखा सुरकुतलेला नव्हता. आधी तिला नुसतंच बरं वाटलं, घरचा गहू चांगला आला म्हणून कुणालाही वाटावं तसं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

कारण या तीन पिशव्या म्हणजे ज्यांना काहीच द्यायचं नाही अशा तीन वाफ्यांचा गहू होता. बारा वाफे, प्रत्येक पाच मीटर बाय चार मीटर. काहींत नुसतं जिप्सम, काहींत जिप्सम आणि शेणखत, काहींत जिप्समच्या थरावरून सोडलेलं पाणी, आणि तीन वाफ्यांत काही नाही. तेच बी, तेच खत, तेच बोअरचं पाणी, फक्त त्या पाण्यावरचा उपाय नाही. या तिघांशी ताडून पाहायचं, मग बाकीच्यांना किती फायदा झाला ते कळतं. हे तिनं तीन वर्षांपूर्वी हसनाबादला घराच्या ओट्यावर बसून आई-बाबांना समजावून सांगितलं होतं. बाबा, म्हणजे साहेबराव, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांना ते लगेच पटलं. त्यांनी दोनशे पानी वही आणली, रेघा आखल्या, पाण्याची तारीख, तास, वाफा असे रकाने केले. आई, बेबीनंदा, शेंगा फोडत होती. तिनं एवढंच विचारलं होतं की त्या तिघांना तीन वर्षं काहीच द्यायचं न्हाई का, आणि साक्षी हो म्हणाली होती, आणि आईनं पुढची शेंग फोडली होती.

ते पाणी साक्षीच्या बोटांना अजून आठवत होतं. विहीर आटली म्हणून आठ वर्षांपूर्वी बोअर घेतला, पाणी लागलं तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर उडवून घेतलं होतं, आणि ती तेव्हा परभणीला शिकत होती, सुट्टीत आली तर हात धुतल्यावर बोटं एकमेकांवरून घसरायची, साबण लावल्यासारखी. डाळ शिजायची नाही. पिकाला पाणी पडत होतं म्हणून कुणी काही बोलत नव्हतं. तीन-चार वर्षांत जमिनीनं रंग बदलला. वर राखेसारखा पापुद्रा, पाऊस पडला की पाणी आठ-आठ दिवस उभं, आणि वाळलं की अशी टणक की खुरपं उसळून यावं. गावात म्हणायचे जमीन चोपण झाली. गहू उगवायचा तो ठिगळाठिगळांनी. वर्गात ती हे सगळं शिकली होती, पाण्यातला सोडा मातीच्या कणांना सुटं करतो, मग माती श्वास घेत नाही, आणि जिप्सम तो सोडा मारतं. पण पुस्तकातली ती ओळ आणि बांधावर नुसते बघत उभे असलेले बाबा या दोन गोष्टी एकत्र यायला तिला नोकरी लागावी लागली. संस्थेत हा प्रकल्प आला तेव्हा तिनं हट्टानं आपलं शेत पुढं केलं. गजानन सर, तिचे वरिष्ठ, मऊ आवाजात नको म्हणाले होते. घरचं शेत प्रयोगाला घेऊ नये, घरच्या माणसाला जाब विचारता येत नाही. तिनं म्हटलं होतं, सर, तीन वर्षं बारा वाफे वेगवेगळे सांभाळायला विश्वासाची माणसं लागतात, माझे वडील मास्तर आहेत. हे वाक्य आता त्या गोदामात तिच्या कानात जसंच्या तसं वाजलं आणि तिला स्वतःच्याच आवाजाची चीड आली.

गजानन सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला. पिशव्यांवरचे नंबर बदलले असतील असं ते म्हणाले, आणि पंधरा तारखेला अहवाल पुढं पाठवायचा आहे हेही म्हणाले, एकाच स्वरात. नंबर बदललेले नव्हते. कापणीला ती स्वतः हजर होती, चिठ्ठ्या तिनं बांधल्या होत्या. पण कापणी सोडली तर या वर्षी ती शेतावर किती वेळा गेली? पेरणीला एकदा, डिसेंबरात एकदा. प्रकल्पाची बाकीची दोन ठिकाणं लांबची होती, तिथं फिरण्यात हिवाळा गेला, आणि आपल्या शेताची काय काळजी, बाबा फोटो पाठवत होते. फोटोत सगळं हिरवं दिसतं. कापणीच्या दिवशी ते तीन वाफे भरलेले दिसले होते, तेव्हा तिनं मनाशी म्हटलं होतं, यंदा थंडी चांगली पडली. आपण बघितलं होतं आणि बघून पुढं गेलो होतो, हे तिला आता दिसलं, आणि मग दुसऱ्या कुणावर चिडायला मनात जागा मोकळी राहिना.

दुसऱ्या दिवशी ती हसनाबादला निघाली. चतुर्थी होती, राजूरला गणपतीच्या गर्दीत बस पाऊण तास अडकली. नारळवाले, चपला हातात घेतलेल्या बाया, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर लेकरू घेतलेले बाप खिडकीखालून जात होते आणि ती मांडीवर रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बसली होती, माती भरायला. तिच्या डोक्यात एक शक्यता पुन्हा पुन्हा येत होती आणि ती तिला प्रत्येक वेळी बाजूला सारत होती. पाण्याचा पाट फुटला असेल. शेजारच्या वाफ्यातलं जिप्सम वाहून आलं असेल. पण तीनही वाफ्यांत, तीन वेगवेगळ्या ठिकाणी? शेजारी खिडकीशी बसलेली बाई तिला म्हणाली की बाई, तुम्हाला गाडी लागती का, खिडकीशी बसा. तेव्हा तिला कळलं की आपला चेहरा वाकडा झालेला आहे.

घरी न जाता ती आधी शेतात गेली. धसकटं उभी होती, वाफ्यांच्या कडेचे खुंट जागेवर होते. तिनं तीन नंबरच्या वाफ्यातलं एक ढेकूळ उचललं, बॅगेतला काचेचा पेला काढला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि ढेकूळ अलगद आत सोडलं. हे कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता कळतं. सोडा असलेली माती पाण्यात विरघळून दुधासारखी पसरते आणि तशीच गढूळ राहते; बरी झालेली माती तुकड्यांनी खाली बसते आणि वरचं पाणी निवळतं. ती बांधावर बसून पेल्याकडे पाहत राहिली. ऊन डोक्यावर होतं. ढेकूळ भुसभुशीत होऊन तळाशी बसलं. पाणी स्वच्छ राहिलं, इतकं की पेल्यापलीकडचा खुंट दिसत होता. सहा नंबर. स्वच्छ. अकरा नंबर. स्वच्छ. मग तिनं वाफ्यांच्या बाहेरची, बांधाच्या कडेची माती टाकली. ती दुधासारखी पांढुरकी पसरली आणि पसरलेलीच राहिली.

आई ओट्यावर सुपात गहू पाखडत होती. साक्षीनं चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि सरळ विचारलं, त्या तिघांत काही टाकलं का. बेबीनंदानं सूप थांबवलं नाही. भुसा उडत होता, दाणे परत सुपात पडत होते.

"टाकलं मी," ती म्हणाली. "हर पाण्याच्या आधी एक तगारी. शेडमधे जिप्समची पोती उरल्ती ना तुझी, त्यातलं."

"आई, मी न्हाई म्हणून सांगितल्तं."

"सांगितल्तंस. दोन वर्षं न्हाई टाकलं. तिसऱ्या वर्षी न्हाई राह्यलं मला." तिनं सूप खाली ठेवलं. "पिवळं पडलेलं होतं सगळं. शेजारचं हे एवढं, आन हे एवढं. लाल रेघेखालचं लेकरू दिसलं तर आपण काय करत होतो अंगणवाडीत? दुप्पट द्यायचं. तू म्हणती, देऊ नको, नुसतं वजन कर."

साक्षीकडे या बोलण्याला उत्तर होतं. ती ते देऊ लागली आणि तोंडाशी आल्यावर ते उत्तर तिला तोकडं वाटलं. लहानपणी शाळा सुटल्यावर ती अंगणवाडीतच बसायची, आई तिथं मदतनीस होती. छताच्या कडीला काटा टांगलेला, त्याला कापडी झोळी, झोळीत रडणारं लेकरू, आणि बाईंच्या हातात कार्ड. कार्डावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. वाकड्या पायांची, मोठ्या डोक्याची काही लेकरं लाल पट्ट्यात असायची आणि त्यांना खाऊची सुकडी दुप्पट. त्यांच्यातली एक पोरगी आठवत होती, नाव आठवत नव्हतं, नाकातोंडाला सुकडी लागलेली, आणि आई तिच्या समोर उकिडवी बसून बोटानं भरवत होती, आणि साक्षी, जिचं वजन हिरव्या पट्ट्यात होतं, भिंतीला टेकून हे पाहत होती आणि तिला त्या पोरीचा राग येत होता. पुढच्या महिन्यात ती पोरगी पिवळ्या पट्ट्यात आली तेव्हा आई घरी येईपर्यंत हसत होती. वजन करायचं ते भरवण्यासाठी. आईच्या आयुष्यात काट्याला दुसरा काही अर्थ नव्हताच. हे आपल्याला तीन वर्षांपूर्वी ओट्यावर बसून सांगताना का नाही कळलं? आपण तिला तीन वाफ्यांत पिकाला उपाशी ठेवायला सांगत होतो आणि तिनं फक्त एक शेंग फोडली होती.

तरी राग गेला नाही. उलट तो वळून बाबांकडे गेला, कारण बाबांवर चिडणं सोपं होतं. साहेबराव आत पलंगावर वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे वाचत असल्यासारखे धरून बसले होते. तिनं वही मागितली. वहीत प्रत्येक पाण्याची तारीख होती, तास होते, मोटर किती वाजता चालू, किती वाजता बंद, सगळं सुवाच्य, शाईच्या पेनानं. तगारीचा कुठं उल्लेख नव्हता. आयुष्यभर पोरांना खोटं लिहू नका म्हणून सांगणारा माणूस. तिनं विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं का. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"ती तगारी घेऊन निघाली की मी गुडघा दुखतोय म्हणून घरी थांबत होतो," ते म्हणाले. "पाहिलं असतं तर लिव्हावं लागलं असतं. म्हणून मी पाहिलंच न्हाई."

परतीच्या बसमधे तिनं आईनं सांगितलेलं मनात मांडून पाहिलं. पाच पाणी, दर पाण्याआधी एक तगारी, म्हणजे एक घमेलं, पाणी शिरतं तिथं तोंडाशी पसरलेली. म्हणजे बाकीच्या वाफ्यांना पेरणीआधी एकदम दिलेल्या जिप्समच्या निम्म्याहूनही कमी. आणि गहू जवळजवळ तेवढाच. आईच्या हातून जे झालं ते कदाचित संस्थेच्या तीनही पद्धतींपेक्षा स्वस्त आणि बरं होतं, दर पाण्याचा सोडा त्या त्या पाण्यापुरता मारायचा. हे सुचलं तेव्हा ती सीटवर ताठ बसली, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा मागं रेलली. कारण हे सिद्ध होत नव्हतं. ताडून पाहायला काहीच उरलं नव्हतं. ज्यांना काही दिलं नाही असे वाफेच नव्हते. तीन वर्षं संपली, आणि हातात होती एक चांगली गोष्ट, जी कुणाला सांगता येत नव्हती, आणि बारा पिशव्या गहू, जो सगळा सारखाच होता.

गजानन सरांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, जालन्यातल्या जुन्या घरातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कुणावर आवाज न चढवणारे. बाकीच्या दोन ठिकाणांपैकी एकाला गारपीट झाली होती, दुसऱ्या शेतकऱ्यानं शेततळ्याचं गोडं पाणी मिसळलं होतं. सगळा भार हसनाबादच्याच आकड्यांवर होता. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे सरकवला आणि म्हणाले की पहिल्या दोन वर्षांत त्या वाफ्यांचं उत्पादन किती कमी होतं ते आपल्याकडे आहे. त्या प्रमाणात तिसऱ्या वर्षाचा आकडा सुधारून घेता येईल. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"हे बघ साक्षी, यात कुणाचं नुकसान आहे? जिप्समनं फरक पडतो हे तुलाही माहीत आहे, मलाही. खरं तेच बाहेर जाईल. शिफारस झाली तर सगळ्या जिल्ह्यात लोक वापरतील."

ते खोटं बोलत नव्हते, हाच त्रास होता. आकडा खोटा आणि गोष्ट खरी. किंवा आकडा खरा, आणि त्यातून निघणारी गोष्ट खोटी, की काही देवो न देवो, गहू सारखाच येतो. ती चार दिवस या दोन वाक्यांत येरझारा घालत राहिली. सकाळी ऑफिसला जाताना बियाणे कंपन्यांच्या पाट्यांवर मोठमोठी कणसं रंगवलेली दिसायची, एकसारखी, एकही दाणा न चुकलेली, आणि तिला वाटायचं, करून टाकावं. तीन आकडे तर आहेत. आईनं पोरीला भरवलं तेव्हा कार्डावरचा पट्टा बदललाच ना. मग लगेच वाटायचं, पण आईनं पट्टा खोडला नव्हता, पोरीचं वजन खरंच वाढवलं होतं. चौथ्या दिवशी तिनं टिपण लिहिलं: तिसऱ्या हंगामात तुलनेच्या वाफ्यांत शेतकरी कुटुंबानं स्वतःहून जिप्सम टाकलं, सबब या ठिकाणची तुलना ग्राह्य धरता येत नाही. शेतकरी कुटुंब. हे दोन शब्द टाइप करून ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. सरांनी टिपणावर सही केली, आणि त्या दिवसापासून तिच्याशी पूर्वीपेक्षा जरा जास्त सभ्यपणे वागू लागले. जूनमधे अहवाल आला. उपलब्ध निष्कर्षांवरून शिफारस करता येत नाही. प्रकल्प बंद झाला.

याची खरी किंमत तिला दिवाळीत दिसली. शेजारच्या शेताचे भिवाकाका, त्यांचं बोअर आईबाबांच्या बोअरपासून शंभर पावलांवर, तेच पाणी, तीच जमीन. बाबांचं शेतही तेच नांगरून देत. तीन वर्षं ते प्रयोगाच्या बांधावर उभे राहून वाफे पाहत आले होते आणि दर वेळी म्हणत आले होते की तुमचा कागद येऊ द्या, मंग मी पण टाकतो. त्यांना आईचं ऐकायचं नव्हतं, कागदाचं ऐकायचं होतं, आणि ही सवय त्यांना साक्षीनंच लावली होती, पाणी तपासल्याशिवाय, शिफारस आल्याशिवाय काही टाकू नका म्हणून. पाटावरच्या फराळाकडे न बघता त्यांनी विचारलं की हाफिसात काय ठरलं.

"शिफारस न्हाई करता येत म्हणले, काका."

"म्हंजे फरक न्हाई पडत?"

"पडतो. पण ते कागदावर न्हाई आलं."

भिवाकाका तिच्याकडे पाहत राहिले, त्यात संशय नव्हता, नुसतं न समजणं होतं. तिनं समजावलं, चूक कुठं झाली, तुलना म्हणजे काय, आईची तगारी. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की तीन वर्षं तर मी थांबलो, आता ह्या वर्षी तो एकराचा तुकडा पडीकच राहू देतो, मजुरीला तरी मोकळा राहीन. ते गेल्यावर साक्षी मोरीत जाऊन हात धुवत राहिली. बोटं एकमेकांवरून घसरत होती. आपण खरं लिहिलं आणि एक एकर जमीन पडीक राहिली. आपण खोटं लिहिलं असतं तर तिथं गहू असता. हे गणित कुणीतरी चुकीचं आहे म्हणून दाखवावं असं तिला वाटत होतं, आणि घरात तसं दाखवणारं कुणी नव्हतं.

म्हणून नोव्हेंबरात ती स्वतःच उतरली. संस्थेचं काही नव्हतं, रजा तिची, खुंट तिचे. जुन्या प्रयोगाबाहेरच्या चोपण जमिनीत नऊ वाफे: तिघांना पूर्ण जिप्सम, तिघांना आईच्या हिशेबानं दर पाण्याआधी एक तगारी, आणि तिघांना काही नाही. तिला वाटलं होतं आई भांडेल. आई भांडली नाही. पाणी द्यायचं तर त्या तिघांना तूच द्यायचं, मी त्या बाजूला फिरकणारसुद्धा न्हाई, एवढंच म्हणाली. मग दर पाण्याला साक्षी जालन्याहून सकाळच्या बसनं यायची, साडीवर बाबांचा जुना सदरा चढवून वाफ्यांत पाणी सोडायला दारं धरायची, आणि आई शेताच्या दुसऱ्या टोकाला हरभऱ्यात पाठमोरी बसलेली असायची, भाजी खुडत, किंवा काही न खुडता.

जानेवारीत चौथं पाणी होतं. धुकं उतरलं होतं, भिवाकाकांचा पडीक तुकडा पांढरा दिसत होता. आईच्या हिशेबाचे वाफे गर्द हिरवे झाले होते. काही न दिलेले तीन वाफे तिनं मुद्दाम शेवटी ठेवले. तिथं मागचं पाणी अजून खळग्यांत उभं होतं, रोपं विरळ, पानांची टोकं जळल्यासारखी, मधूनच एखादं मूळ उघडं पडलेलं. ती तगारी काखेत धरून उभी राहिली. तगारीत तळाशी मूठभर जिप्सम उरलं होतं, दुसऱ्या वाफ्यांचं, मोजून आणलेलं. तिनं ते मुठीत घेतलं. आपल्याला एवढं कळतं की या मुठीनं काय होईल. पांढरी भुकटी पाण्यात जाईल, दोन-चार दिवसांत खळगे मोकळे होतील, ही एवढी-एवढीशी रोपं मान वर करतील. एक मूठ, कुणी पाहत नाही, आणि पाहिलं तरी आई काय म्हणणार आहे. तिला त्या रोपांची दया आली नाही असं नव्हतं, पण दयेबरोबर संताप आला, त्या रोपांवर, स्वतःवर, त्या आकड्यांवर ज्यांच्यासाठी काहीतरी असं पिवळं ठेवावं लागतं, आणि भिवाकाकांवरसुद्धा, जे आईच्या हिरव्या वाफ्याकडे रोज बघून कागद मागत होते. दोन वर्षं आईनं हे रोज पाहिलं होतं. आपण नुसते फोटो मागत होतो.

मग ती शेजारच्या आईच्या वाफ्याकडे गेली, मूठ त्याच्या तोंडाशी सोडली, आणि रिकाम्या हातानं परत येऊन पिवळ्या वाफ्याचं दार उघडलं. नुसतं पाणी आत शिरलं. ते पसरलं आणि तिथंच उभं राहिलं.

मागं चाहूल लागली. बेबीनंदा बांधावरून येत होती, पदर कमरेला खोचलेला, ज्या बाजूला फिरकणार नाही म्हणाली होती त्या बाजूला. ती वाफ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"दिलं का?"

"न्हाई दिलं."

"मला वाटलं देशील." आईनं वाफ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान भिवाकाकांच्या पडीकाकडे फिरवली. "तुला जमलं हे. मला न्हाई जमलं."

हे कौतुक होतं की गाऱ्हाणं, साक्षीला ठरवता आलं नाही. तिनं पिशवीतून वही काढली, मोजपट्टी काढली. रोपांची उंची घ्यायची होती, प्रत्येक वाफ्यातली दहा रोपं. ती चिखलात उकिडवी बसली. वारा होता, कापडी पट्टी हलत होती, एका हातानं रोप धरून दुसऱ्या हातानं ती सरळ राहत नव्हती. आई जरा वेळ बघत होती. मग तीही शेजारी उकिडवी बसली आणि तोंड दुसरीकडे ठेवून पट्टीचं खालचं टोक तिनं मुळाशी धरलं.

"मोठ्यानं सांगू नको किती भरलं ते," ती म्हणाली. "नुसतं लिव्ह."